सॅम्पल लायब्ररी दुसऱ्या ड्राइव्हवर हलवताना

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की अरेंजरच्या डोक्यात पहिला विचार येतो तो लायब्ऱ्या हलवण्याचा. त्यात नवल नाही. ऑम्निस्फिअरचा साठा ६४ जीबीच्या आसपास, लॉजिक प्रोची पूर्ण साउंड लायब्ररी ७२ जीबी, आणि त्यात स्ट्रिंग्जची एखादी बरी लायब्ररी आली की तीही तेवढीच जागा अडवून बसते. २५६ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज, क्युबेस आणि चालू प्रोजेक्ट ठेवल्यावर उरतं काय? मी पुण्यात छोटा स्टुडिओ चालवतो. भावगीतं, नाटकांचं पार्श्वसंगीत, जाहिरातींच्या जिंगल्स, असं येईल ते काम करतो. ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या लायब्ऱ्या मी हलवून दिल्या आहेत. कुणीतरी हलवून झाल्यावर जे बिघडतं ते निस्तरायलाही मला बोलावतात, आणि ही दुसऱ्या प्रकारची बोलावणी जास्त असतात.

यातली सगळ्यात वाईट आठवण कोल्हापूरची आहे. तिथल्या एका की-बोर्ड वादकाने हलगी, घुमकं, संबळ असा सगळा ऐवज स्वतः वादकांना बसवून रेकॉर्ड केला होता. एकेक ठोका कापून, हळू-मध्यम-जोरदार असे थर लावून कॉन्टॅक्ट या सॅम्पलरमध्ये पॅच बनवले होते. हे सगळं त्याने विकतच्या लायब्ऱ्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवलं होतं, कारण सापडायला सोपं जातं. घरच्या कुणीतरी मदत म्हणून तो अख्खा फोल्डर कट करून नव्या एक्स्टर्नल डिस्कवर पेस्ट केला. कॉपी निम्म्यात असताना वायर हलली आणि डिस्क सुटली.

एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कट-पेस्ट करताना संगणक प्रत्यक्षात काहीच ‘हलवत’ नसतो. तो फाइल तिकडे उतरवतो आणि इकडची पुसतो, मग पुढची घेतो. मध्येच खंड पडला की काही फाइल्स इथे, काही तिथे, आणि त्या वेळी उतरत असलेल्या अर्धवट. शिवाय ती डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालते म्हणून ही पद्धत लोकप्रिय आहे. पण एनटीएफएस किंवा एपीएफएससारखा लिहिताना झालेल्या गडबडीतून सावरण्याचा बंदोबस्त तिच्यात नाही. डिस्क पुन्हा जोडली तेव्हा पोचलेल्या म्हणून दिसणाऱ्या फाइल्सपैकीही बऱ्याच उघडेनात. विकतच्या लायब्ऱ्या काय, कंपनीच्या खात्यात लॉग-इन करून परत उतरवल्या. इंटरनेटची दमछाक झाली एवढंच. संबळाचे पॅच मात्र परत उतरवायचे कुठून? वाजवणाऱ्यांपैकी एकजण तोवर वारलेही होते.

म्हणून कुणाच्या मशीनला हात लावण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: यातलं तुमचं स्वतःचं काय आहे? स्वतः रेकॉर्ड केलेले सॅम्पल, स्वतः बदलून सेव्ह केलेले पॅच, कुणी प्रेमाने पेन ड्राइव्हवर दिलेले तानपुऱ्याचे सूर. ते आधी वेगळ्या फोल्डरमध्ये काढायचं, त्याच्या दोन प्रती करायच्या, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर ठेवायची. मगच बाकीच्या शे-दोनशे जीबीकडे वळायचं. एक्स्टर्नल डिस्कवर नेलं म्हणजे बॅकअप झाला असं समजणारे लोक मला दर वर्षी भेटतात. इथली पुसून तिथे ठेवलेली प्रत ही एकच प्रत असते, आणि आता ती बॅगेतून फिरणार असते.

आता डिस्क कुठली घ्यायची. दुकानदार जागेचा भाव सांगतो, वेगाचा सांगत नाही. सॅम्पलरला मात्र वेगच लागतो, आणि तोही एका खास तऱ्हेचा. १९९८ मध्ये नेमेसिसच्या गिगासॅम्पलरने जी युक्ती रूढ केली ती आज सगळेच वापरतात: प्रत्येक सॅम्पलची सुरुवात तेवढी रॅममध्ये भरून ठेवायची आणि पट्टी दाबल्यावर पुढचा आवाज डिस्कवरून वाहता आणायचा. कॉन्टॅक्टमध्ये ही सुरुवात साधारण ६० केबीची असते. २४ बिट स्टिरिओ, ४४.१ किलोहर्ट्झ धरलं तर हा जेमतेम पाव सेकंदाचा आवाज. तेवढ्या वेळात डिस्कने पुढचा भाग आणून दिला पाहिजे.

फिरत्या तबकडीच्या डिस्कचा इथे दम निघतो. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या घेते. हवी ती जागा समोर यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि काटा त्या रेषेवर न्यायला आणखी ८-९. एका शोधाला १२-१३ मिलिसेकंद धरा, म्हणजे सेकंदाला फार तर ८० शोध. बॅगेत मावणाऱ्या छोट्या डिस्क बहुधा ५४०० आरपीएमच्या असतात, म्हणजे त्याहून मंद. आता स्ट्रिंग्जवर दोन्ही हातांनी आठ सुरांचा कॉर्ड धरा. लायब्ररीत तीन माइकच्या जागा आणि मॉड व्हीलवर मिसळणारे तीन थर असतील तर एका क्षणी बहात्तर आवाज वाहू लागतात. साधा पियानो त्या डिस्कवर चालतो, रिदमचे लूप चालतात, ऑर्केस्ट्रा मात्र तुटक वाजू लागतो. मग माणूस ऑडिओ कार्डाला शिव्या घालतो. साधी साटा एसएसडी असा शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकते. माझं मत स्पष्ट आहे: वाजवायच्या लायब्ऱ्या एसएसडीवर, आणि तबकडीची स्वस्त डिस्क बॅकअपसाठी. पैसे कमी असतील तर मोठी हार्ड डिस्क घेण्यापेक्षा लहान एसएसडी घ्या आणि रोज लागतं तेवढंच तिच्यावर ठेवा.

पोर्टही बघायचं. यूएसबी २ च्या पोर्टमधून प्रत्यक्षात सेकंदाला पस्तीस-चाळीस एमबीच निघतात. पाचशे जीबी उतरवायला चार तास जातात आणि वाजवताना एसएसडीचं तेज दिसतच नाही. यूएसबी ३ चं पोर्ट बहुतेक जुन्या मशीनवर आतून निळं असतं. हबमधून जोडू नका, थेट जोडा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी पोर्ट झोपवण्याची जी सोय असते ती बंद करा, नाहीतर गायक तालीम करून आलापाला लागतो तोवर तुमची डिस्क डुलकी काढते.

आता पत्त्याचं. प्रोजेक्ट उघडताना सॉफ्टवेअर लायब्ररीला नावाने हाक मारत नाही, ते ड्राइव्ह-फोल्डर-फाइल असा पूर्ण पत्ता शोधतं. विंडोजमध्ये त्या पत्त्याचं पहिलं अक्षर बदलू शकतं. आमच्याकडे एकदा गायक पेन ड्राइव्हवर कराओके ट्रॅक घेऊन आला. ती पेन ड्राइव्ह आधी लागली, सॅम्पलची डिस्क मागाहून सुरू केली. पेन ड्राइव्हने ई अक्षर पटकावलं, सॅम्पलच्या डिस्कला एफ मिळालं, आणि कालपर्यंत वाजणाऱ्या गाण्यातला पियानो गायब. लायब्ररी जिथल्या तिथे होती, फक्त पत्ता चुकला होता. तेव्हापासून डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सॅम्पलच्या डिस्कला मी एस किंवा एक्स असं शेवटाकडचं अक्षर कायमचं देतो. तिथवर पेन ड्राइव्ह पोचत नाहीत. मॅकवर अक्षरं नसतात, तिथे डिस्कचं नाव हाच पत्ता. म्हणून ते एकदा ठेवलं की बदलायचं नाही, आणि एकाच नावाच्या दोन डिस्क एकाच वेळी जोडायच्या नाहीत. दुसरीच्या पत्त्याला मॅक मागून आकडा लावतो आणि गोंधळ सुरू होतो.

दुसरी गोष्ट, सॉफ्टवेअर आणि त्याचा साठा हे वेगळे. प्लग-इन आणि मूळ प्रोग्रॅम सी ड्राइव्हवरच राहू द्या, त्यांनी जागाही फारशी खाल्लेली नसते. प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर उचलून दुसरीकडे टाकणाऱ्यांचं क्युबेस दुसऱ्या दिवशी प्लग-इन सापडत नाही म्हणून रडतं. हलवायचा तो फक्त आवाजांचा साठा, आणि त्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी.

कॉन्टॅक्टच्या लायब्ऱ्या नेटिव्ह ॲक्सेसमधून बघायच्या. फोल्डर कॉपी करून झाला की तिथे लायब्ररी सापडत नसल्याचं दिसतं. त्याला नवा फोल्डर दाखवायचा, घाईने परत डाउनलोडचं बटण दाबायचं नाही. लायब्ररीच्या फोल्डरमधल्या तिची ओळख पटवणाऱ्या छोट्या फाइल्स फालतू समजून गाळू नका. ऑम्निस्फिअरचा साठा स्टीम नावाच्या फोल्डरात असतो (गेमच्या दुकानाशी त्याचा संबंध नाही) आणि विंडोजमध्ये तो फोल्डर प्रोग्रॅमडेटा या लपवलेल्या फोल्डरात असतो, म्हणून अनेकांना तो सापडतच नाही. तो नव्या डिस्कवर न्यायचा आणि जुन्या जागी त्याचा शॉर्टकट ठेवायचा. गोम अशी की विंडोज शॉर्टकटच्या नावाला आपलं शेपूट जोडतं, मॅकही एलियास असं जोडतो. ते शेपूट काढून नाव नुसतं स्टीम केलं नाही तर ऑम्निस्फिअर उघडत नाही. या एका कारणासाठी मी दादरपर्यंत जाऊन आलो आहे.

लॉजिकवाल्यांचं सोपं आहे. २०१८ पासून त्याच्या मेनूतच साउंड लायब्ररी दुसरीकडे नेण्याची सोय आहे, फक्त डिस्क मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. तिथे हाताने काही करायला जाऊ नका.

जुने प्रोजेक्ट उघडताना कॉन्टॅक्ट सॅम्पल सापडत नाहीत म्हणून विचारतो. त्या चौकटीत संपूर्ण संगणक धुंडाळण्याचा पर्याय असतो. तो निवडला तर चहा पिऊन आलात तरी चाक फिरतच असतं. त्यापेक्षा फोल्डर दाखवण्याचा पर्याय घ्या आणि थेट नवी जागा दाखवा. आवाज आला की प्रोजेक्ट सेव्ह करा, नाहीतर उद्या तोच प्रश्न. बॅच री-सेव्ह नावाची सोय सगळ्या पॅचमध्ये नवा पत्ता एकदम लिहिते. पण ती मूळ फाइल्सवरच लिहिते, म्हणून आधी प्रत काढून ठेवा.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइल्सची संख्या आणि एकूण आकार जुळवा. टेराकॉपी किंवा आरसिंक वापरलं तर एकेक फाइल ताडूनही बघता येते, मोठ्या साठ्याला ते करावंच. मग जुना फोल्डर पुसू नका, त्याचं नाव बदला. हे मला फार उपयोगी पडलं आहे. कारण नाव तसंच ठेवलं तर सॉफ्टवेअर गुपचूप जुन्याच जागेवरून वाजवत राहतं आणि तुम्हाला वाटतं की नवी डिस्क झकास चालली आहे. जुनी प्रत पुसल्या दिवशी सगळं मुकं होतं. नाव बदलून दोन-तीन जुनी, दोन-तीन चालू गाणी उघडून पाहा, एखादं काम शेवटपर्यंत मिक्स करून द्या, मग जुना फोल्डर काढा. हे सगळं सावकाश करायचं काम आहे. गणपतीच्या आधीच्या महिन्यात, मंडळांची गाणी डोक्यावर असताना, कुणी बोलावलं तर मी सी ड्राइव्हवरची दोन-चार जुनी डाउनलोड्स पुसायला सांगतो आणि नवरात्रानंतरची तारीख देतो.