क्षयजंतूंचे प्रादेशिक वंश

डॉ. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. हा जंतू सर्व देशांत अगदी एकसारखा असतो, असा सामान्य समज आहे. परंतु तो पूर्णपणे खरा नाही. १९९८ साली या जंतूचा सुमारे ४४ लाख अक्षरांचा जनुकीय आराखडा वाचण्यात आला. त्यानंतरच्या संशोधनाने, त्याचे निरनिराळे वंश असून ते प्रदेशपरत्वे आढळतात, हे स्पष्ट झाले.

दक्षिण भारतात हिंदी महासागराच्या परिसरातील वंश मोठ्या प्रमाणावर आढळतो. उत्तर भारतात मध्य आशियाशी संबंधित वंशाचे प्रमाण अधिक आहे. पूर्व आशियातील वंश ‘बीजिंग’ या नावाने ओळखला जातो. पश्चिम आफ्रिकेत आणखी दोन वंश आहेत. त्यांपैकी एकाचा संसर्ग झालेल्यांत प्रत्यक्ष रोग बळावण्यास अधिक काळ लागतो, असे गॅम्बियात दिसून आले.

मग आपल्याकडील जंतू सौम्य समजावा काय? १९६० साली दक्षिण भारत व ब्रिटन येथील जंतूंची गिनिपिगांवर केलेली तुलना प्रसिद्ध झाली. दक्षिण भारतातील पुष्कळ जंतूंनी त्या प्राण्यांत सौम्य रोग उत्पन्न केला. परंतु हे जंतू क्षयरोगाने आजारी पडलेल्या माणसांच्याच शरीरातून घेतलेले होते. गिनिपिगांवरील अनुभवावरून माणसाने निर्धास्त राहणे घातक होय.

खरा धोका औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा आहे. रशिया व मध्य आशियात बीजिंग वंशातील असे जंतू फार पसरले आहेत. तथापि औषधे अर्धवट घेतल्यास कोणत्याही वंशाचा जंतू असा चिवट होऊ शकतो. काही आठवड्यांत खोकला कमी होतो, अंगी शक्ती येते आणि रोगी औषध सोडतो. उरलेले चिवट जंतू मग वाढतात व खोकल्यावाटे घरातील इतरांपर्यंतही पोहोचतात.

नेहमीच्या क्षयरोगावरील उपचार सहा महिन्यांचा असतो; जंतूच्या वंशानुसार औषधे बदलत नाहीत. रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध लागू पडेल की नाही, हे बेडक्याच्या जनुकीय तपासणीने सुमारे दोन तासांत समजते. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत औषध थांबवू नये. जंतूचा वंश ओळखणे हे प्रयोगशाळेचे काम आहे; औषधाची मुदत पुरी करणे हे रोग्याचे व त्याच्या कुटुंबाचे कर्तव्य आहे.