हेड उतरवण्यापूर्वी

विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. आता बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या. पण वीज नसली की अशा इंजिनाची आठवण होते. काही वर्षांपूर्वी माझ्या मामांचे इंजिन सुरूच होईना. हँडल मारून सगळे दमले. कांद्याला पाणी देणे अडले होते. मी पडलो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक! 'नोझल बिघडले' असे मी ठामपणे सांगितले. नवे नोझल आणण्यात दोन दिवस आणि पैसे गेले. इंजिन मात्र ढिम्म. शेवटी गावातले मिस्त्री आले. पान्याला हात न लावता ते म्हणाले, "सर, नोझल चांगलं आहे. हेडातून हवा पळतेय."

हे त्यांनी कसे ओळखले?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. १८९७ साली रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन यशस्वी झाले, ते हवा दाबली की तापते या तत्त्वावर. समजा, २७ अंश सेल्सिअसची, म्हणजे ३०० केल्व्हिनची हवा पिस्टनने दाबून एक सोळांश आकारमानात कोंबली. थोडी उष्णता सिलिंडरच्या भिंतींत जाते, हे लक्षात घेऊन तापमान १६ च्या ०.३ घाताच्या पटीत, म्हणजे सुमारे २.३ पट वाढते असे धरू. उत्तर येते ६८९ केल्व्हिन, अर्थात ४१६ अंश सेल्सिअस. डिझेलचे तुषार यात पेट घेतात.

आता दाबताना निम्मी हवा निसटली असे माना. उरलेल्या हवेने सुरुवातीला सिलिंडरचा अर्धाच भाग व्यापला होता. म्हणजे ती सोळापट नव्हे, आठपटच दाबली गेली. तापमान भरते अवघे २८७ अंश. तुषार क्षणार्धात पेटायला हे अपुरे पडते. नोझल नवे घातले तरी काय उपयोग?

हँडल मारताना हे अधिक जाणवते. मिनिटाला ६०० फेरे असताना पिस्टन एका विसांश सेकंदात वर जातो. १०० फेऱ्यांना त्याच्या सहापट वेळ लागतो. तेवढा वेळ हवेला पळायला मिळतो. म्हणून असे इंजिन एकदा सुरू झाले की बरे चालते, पण सुरू होताना छळते.

मिस्त्रींनी डिझेल बंद केले आणि हँडल सावकाश फिरवले. (अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, हँडल उलटले तर मनगट वाचते.) निरोगी इंजिन दाबलेल्या स्प्रिंगसारखे मागे ढकलते. हे ढकलेना. मग त्यांनी कान दिला :

१. सायलेन्सरमधून 'फुस्स' – एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो.
२. हवेच्या गाळणीतून – इनलेट व्हॉल्व्ह गळतो.
३. तेल भरण्याच्या तोंडातून – पिस्टनच्या रिंगा झिजल्या.
४. थंड करण्याच्या पाण्यात बुडबुडे – गॅस्केट फुटले किंवा हेडाला तडा गेला.

आवाज सायलेन्सरमधून येत होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता त्याच्या बैठकीतून, म्हणजे सीटमधून हेडात जाते. सीटवर तो नीट टेकला नाही की जास्त तापतो, कड जळते आणि फट वाढते. छोटी गळती स्वतःच मोठी होत जाते.

हेड उतरवले तेव्हा सीटवर काळे खड्डे दिसले. काजळी खरवडून मिस्त्रींनी सीटला ग्राइंडिंग पेस्ट लावली आणि रबरी टोपीच्या काठीने व्हॉल्व्ह तळव्यांमध्ये रवीसारखा फिरवला. मधूनमधून उचलून जागा बदलली. सलग राखाडी कडे उमटले तेव्हा थांबले. पेस्ट अगदी पुसून, धुऊन काढली. तिचा कण राहिला तर तो सिलिंडर खातो. मग व्हॉल्व्ह बसवून त्यामागच्या पोकळीत रॉकेल ओतले. काही मिनिटांत थेंबही झिरपला नाही, म्हणजे काम झाले. व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये डुलत असती, तर मात्र ही घासाई टिकली नसती. आधी गाइड बदलावा लागला असता.

हेडाच्या पृष्ठावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक तपासला. तो मर्यादेत होता; नसता तर हेड कारखान्यात नेऊन सपाट करावे लागले असते. नवे गॅस्केट घालून नट समोरासमोरचे, थोडेथोडे करत आवळले. एकच बाजू आवळली तर हेड वाकते. शेवटी टॅपेटची फट लावली. दुसऱ्या हँडलला इंजिन धडधडले.

तुम्हीही करून पाहा. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने घट्ट दाबून दांडा भराभर मारा. पंपाचा खालचा भाग तापतो. मग बोट किंचित सैल ठेवून तेवढेच मारा. फरक हातालाच कळेल. आणि हवा बारापट दाबली तर तापमान किती होईल, ते लॉग कोष्टकाने काढा.

सूत्र मलाही येत होते. पण मिस्त्रींनी आधी कान लावला, मी आधी नोझल मागवले.