ब्रेकचा दिवा लागत नाही, ट्रॅक्टर सुरू होत नाही : दोष कसा शोधावा?



गळीत हंगाम सुरू झाला की ऊस वाहतूक रात्रंदिवस चालते. अंधारात जोडट्रॉलीच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि मागचा दिवा लागला नाही, तर मोटारसायकलवाल्याला काही कळायच्या आत तो उसावर आदळतो. ब्रेकचा दिवा आपल्यासाठी नसतो, मागच्याच्या जिवासाठी असतो.

दोष आला की आपण काय करतो? आज बल्ब बदलतो, उद्या स्विच बदलतो. पैसे जातात, दोष राहतो. करंट बॅटरीपासून दिव्यापर्यंत कुठवर पोहोचतो हे पाहत गेले, तर दोष आपोआप सापडतो. त्यासाठी १२ व्होल्टचा लहान बल्ब, होल्डर आणि दोन वायरी एवढे पुरे. एका वायरीला चिमटा लावावा, दुसरीला टोकदार खिळा. हा आपला चाचणी दिवा.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रल करावा, चाकाला दगड लावावा. मग क्रमाने पाहावे.

(१) बल्ब : मागच्या बल्बमध्ये बहुधा दोन तारा असतात, ५ वॅटची रात्रीच्या दिव्याची आणि २१ वॅटची ब्रेकची. एक जळते, दुसरी लागते, म्हणून बल्ब काढूनच पाहावा.

(२) फ्यूज : ट्रॅक्टरचे दोन आणि दोन ट्रॉल्यांचे चार, असे २१ वॅटचे सहा दिवे मिळून सुमारे १०.५ अँपिअर करंट ओढतात. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याजागी जाड तार घालू नये. तार तापते, आणि आपल्या मागे वाळले पाचट असते! वायरिंग त्या भाराचे नसेल तर ते वायरमनकडून वाढवून घ्यावे.

(३) स्विच : किल्ली चालू करून चाचणी दिव्याचा चिमटा ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडाला लावावा. ब्रेक पेडलजवळच्या स्विचच्या एका टोकाला खिळा लावताच दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर दोष फ्यूजमध्ये किंवा त्याच्या वायरीत. दुसऱ्या टोकाला दिवा फक्त पेडल दाबल्यावर लागावा. दाबूनही न लागला तर स्विच खराब किंवा जागचा सरकलेला. पेडल सोडले तरी लागूनच राहिला तर स्विचची दांडी नीट दाबली जात नाही, किंवा स्विच आत चिकटला आहे. काही ट्रॅक्टरांत हा स्विच एकाच पेडलवर असतो. म्हणून आणि सुरक्षेसाठीही, रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडले कडीने जोडलेलीच हवीत.

(४) अर्थ : स्विच ठीक असेल तर ट्रॉलीच्या सॉकेटकडे वळावे. पिना गंजल्या असतील तर घासाव्यात. ब्रेक दाबल्यावर रात्रीचा दिवा मंद होत असेल किंवा इंडिकेटर मिणमिणत असेल, तर अर्थ कच्ची आहे असे समजावे. ट्रॅक्टरच्या लोखंडापासून एक सुटी वायर दिव्याच्या धातूच्या बुडाला लावून पाहावी. दिवा लख्ख झाला की निदान पक्के. हंगामाआधी आपण ट्रॉली रंगवतो आणि रंग अर्थच्या बोल्टाखाली बसतो. तेवढा रंग खरवडला की काम झाले.

आता दुसरी तक्रार. किल्ली फिरवली तरी स्टार्टर बोलत नाही. हॉर्न व हेडलाइट जोरात असतील तर बॅटरीला दोष देऊ नये. अनेक ट्रॅक्टरांत क्लच दाबला नाही किंवा गिअर न्यूट्रल नसला तर स्टार्टरला करंट न देणारा सुरक्षा स्विच असतो. क्लच पुरता दाबून, सर्व गिअर लिव्हर न्यूट्रलला ठेवून, किल्ली फिरवताना त्या स्विचची दोन्ही टोके वरच्याच रीतीने तपासावीत. करंट आत येतो पण बाहेर जात नाही, तर स्विच बदलावा.

काही मंडळी तो स्विच काढून वायर डायरेक्ट करतात, किंवा खाली उभे राहून स्टार्टरवर स्क्रूड्रायव्हर टेकवतात. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर एकदम पुढे येतो आणि मागचे मोठे चाक त्याच माणसावरून जाते. शंभर-दोनशे रुपये वाचवायला हा जुगार कशाला?

ऑटोमॅटिक गिअरची मोटार असलेल्या सभासदांसाठीही एक गोष्ट. गिअरचा दांडा ‘पी’मधून हलेना, तर गिअरबॉक्स उघडण्याआधी कुणाला तरी मागे उभे करून ब्रेक दाबावा. मागचे दिवेही लागत नसतील, तर दोष बहुधा ब्रेक स्विचमध्ये किंवा त्याच्या फ्यूजमध्ये आहे, कारण दांडा सोडण्याची खूण त्याच स्विचकडून जाते. मोटारीत मात्र चाचणी दिव्याऐवजी मीटर वापरावा. नाजूक कंट्रोल युनिटला त्याने इजा होत नाही.

तेव्हा गाडी फडातून निघण्याआधी लोंबणारे वाढे कापून दिवे मोकळे करावेत, एकाने ब्रेक दाबावा, एकाने मागून पाहावे. या कामाला एक मिनिटही लागत नाही. ऊस काट्यावर पोहोचावा, आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपापल्या घरी पोहोचावा.