बुटक्या डोंगराचा चकवा: पेनाइन वेची पहिली मजल

लांब पल्ल्याची राष्ट्रीय पायवाट, म्हणजे शासनाने मान्य केलेली, खुणांनी आखलेली आणि मुक्कामाच्या गावांतून नेणारी अनेक दिवसांची वाट, ही कल्पना इंग्लंडमध्ये १९६५ साली पेनाइन वे खुली झाल्यावर प्रथम प्रत्यक्षात आली. डर्बीशरमधील ईडेलपासून स्कॉटलंडच्या हद्दीतील कर्क येटमपर्यंत सुमारे ४३० किलोमीटर जाणाऱ्या या वाटेची पहिली मजल, ईडेल ते क्राउडन, सुमारे २६ किलोमीटरांची आहे. सह्याद्रीत पाय तयार झालेल्या पदयात्र्याला हीच मजल सर्वाधिक चकवते, असे प्रस्तुत लेखकाच्या एका ऑक्टोबरातील फजितीवरून म्हणता येते.

चकव्याचे मूळ उंचीच्या आकड्यात आहे. वाटेवरील किंडर स्काउट ६३६ मीटर आणि ब्लीकलो ६३३ मीटर उंच, तर कळसूबाई १,६४६ मीटर. त्यामुळे हे दोन्ही डोंगर टेकड्यांत जमा होतात आणि सकाळी दहा वाजता ईडेलच्या स्थानकावर उतरणे पुरेसे लवकर वाटते. सह्याद्रीत मात्र कडा, सोंड, खिंड यांवरून दिशा कळते. ब्लीकलोच्या माथ्यावर असे काहीच नाही. तेथे पीट आहे, म्हणजे थंड पाणथळ जागी शेवाळ व गवत पुरते न कुजता हजारो वर्षे साचून झालेला काळा, स्पंजासारखा थर. त्यात पाण्याने कापलेल्या घळींना स्थानिक लोक ‘ग्रफ’ म्हणतात. माणूस त्यांत उतरला की भोवतालचे दिसेनासे होते, आणि प्रत्येक घळ टाळण्यासाठी घेतलेला लहानसा वळसा दिशा थोडी थोडी बदलत नेतो. ढग खाली आले, की घळीबाहेर, भर दुपारीही हीच गत होते.

वेळेचा हिशेब करण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा आजही वापरतात: दर तीन मैलांना एक तास आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. त्यानुसार ही मजल साधारण साडेसहा तासांची ठरते. परंतु विश्रांती, चिखल आणि धुके या आडाख्यात नाहीत, आणि ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. लेखकाने नेमके हेच तास मोजले नव्हते.

किंडरवरून मिल हिलकडे उतरल्यावर दलदलीतून फरशांची वाट लागते. या फरशा बव्हंशी लँकेशरच्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांतून आणलेल्या आहेत (मुंबईच्या गिरण्यांच्या जागी काय आले हे पाहिलेल्या वाचकाला त्यांवरून चालताना जरा थबकावेसे वाटेल). ही वाट स्नेक पासच्या डांबरी रस्त्याला मिळते, आणि दिवसाचा खरा निर्णय तेथे घ्यायचा असतो: निम्म्याहून अधिक अंतर संपलेले असते, पण ब्लीकलो बाकी असतो. दुपारचे तीन वाजून गेले असतील वा माथा ढगात असेल, तर पुढे जाऊ नये. रस्ता आहे म्हणून वाहन मिळेलच असे नाही. ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे लागते. लेखक साडेतीनला पुढे गेला, धुक्यात एका ग्रफमधून दुसऱ्यात भटकला, आणि होकायंत्र पिशवीच्या तळाशी असल्याने ते काढण्यापूर्वीच अंधारले. अखेर दक्षिणेचा रोख धरून तो विजेरीच्या उजेडात पुन्हा स्नेक पासवर आला, तेव्हा क्राउडनमधील राखून ठेवलेले जेवण केव्हाच निवले होते.