श्रद्धा शोधायची कुठे?

वर्धा

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा आराखडा वाचला. गांधीजी, विनोबा आणि धर्मानंद कोसंबी यांच्या आत्मपर लेखनातली श्रद्धा ताडून पाहायची, हा विषय छान निवडलास. तिघांच्याही वाटा आपल्या जिल्ह्यात येऊन मिळाल्या, त्यामुळे मला तो घरचाच वाटला. पण ‘भक्त’, ‘ज्ञानी’, ‘निरीश्वरवादी’ असे तीन रकाने पाडून तू आधीच निकाल लावून टाकलास. मग वाचायचं काय उरलं?

मी तुझ्या जागी असते तर पोटापासून सुरुवात केली असती. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये पोरवयात चोरून मांस खाल्ल्याची हकिगत आहे. रात्री पोटात जिवंत बकरा ओरडतोय असं वाटलं, असं गांधीजी सांगतात. तरी मांस सुटलं ते बकऱ्याच्या कळवळ्यानं नव्हे. पुढे त्यांना ते आवडूही लागलं होतं. आईवडिलांशी खोटं बोलावं लागतं, हे सहन होईना म्हणून सुटलं. प्रस्तावनेत मोक्षाची भाषा करणारा माणूस पुरावा मात्र असा घरगुती देतो. तुझं एक अख्खं प्रकरण इथे आहे.

कोसंबींचं ‘निवेदन’ (१९२४) त्याहून कोरडं. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचून मनात ठिणगी पडते. पुढे हा माणूस गोव्यातलं घर, बायको, लहान मुलगी मागे टाकून निघतो. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो. नेपाळात पोचल्यावर तिथला बौद्ध धर्म पाहून निराश होतो आणि ती निराशा झाकत नाही. ही निराशाच मला त्यांच्या श्रद्धेची खरी खूण वाटते. मागे राहिलेल्या बायकोबद्दल किती ओळी आहेत, तेही जरूर बघ.

विनोबांपाशी तू अडशील. वर्ध्याहून निघणाऱ्या ‘महाराष्ट्र धर्म’मधले त्यांचे निबंध ‘मधुकर’मध्ये आहेत, त्यांत ‘मी’ फारसा भेटतच नाही. प्रसंग शोधत बसलीस तर हात रिकामे राहतील. तिथे विचाराची चाल बघ, ते शंकेला किती जागा देतात ते बघ. तिघांत वाचायला सर्वांत अवघड तेच.

आणि एक सांभाळ. १९४७च्या जूनमध्ये कोसंबींनी सेवाग्रामला अन्न सोडून देह ठेवला. १९८२च्या नोव्हेंबरात विनोबांनी पवनारला तेच केलं. हे एकदा कळलं की जुन्या पानांतही त्या मरणाची चाहूल लागल्यासारखं वाटतं. ‘निवेदन’ लिहिणाऱ्याला १९४७ ठाऊक नव्हतं. त्याला त्याच्या वयाचाच राहू दे.

आराखड्यातले रकाने खोडून नवा मसुदा पाठव. ‘मधुकर’ची माझी प्रत घेऊन जा, पण त्यात पेननं खुणा करू नकोस.

तुझी,
मावशी