न्यू जर्सीतल्या लेकीचा फोन नोव्हेंबरात उशिरा का येतो?

प्रश्न : माझी लेक न्यू जर्सीत राहते. रोज आपल्या सकाळी सातला तिचा व्हिडिओ कॉल येतो. नोव्हेंबर लागला की तोच फोन आठला येऊ लागतो. विचारलं तर म्हणते, "आई, मी वेळ बदललेलीच नाही." मागे एकदा तिची संकष्टी आमच्या आदल्या दिवशी झाली. चुकतं कोण, ती की आम्ही? येत्या मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच तिच्याकडे जाणार आहोत, तेव्हा हा घोळ आधीच समजून घ्यावा म्हणते. – एक वाचक, चिखली

उत्तर : चूक कोणाचीच नाही. तुमची लेक खरंच वेळ पाळते. बदलतं ते तिच्या गावचं घड्याळ. मुलांना झोपवून, ओटा आवरून ती रात्री साडेनऊला फोन घेऊन बसत असणार. उन्हाळ्यात न्यू जर्सीचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिच्याकडे सोमवारची रात्र, साडेनऊ वाजलेले, की चिखलीत मंगळवारचे सकाळचे सात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता तिथे घड्याळ एक तास मागे घेतात. दोनाचा पुन्हा एक होतो आणि आपल्यातलं अंतर साडेदहा तासांचं होतं. ती साडेनऊलाच बसते, पण आपल्याकडे तोवर आठ वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ परत तासभर पुढे सरकवतात, की फोन सातवर येतो.

मोबाइल हा बदल आपला आपण करून घेतो. स्वयंपाकाच्या शेगडीवरचं आणि भिंतीवरचं घड्याळ मात्र हातानं बदलावं लागतं. त्यामुळे व्हिडिओत मागच्या घड्याळात भलतीच वेळ दिसली, तर ते बंद पडलंय असं समजू नका. रविवारी ते लावायचं कोणाच्या ध्यानात राहिलेलं नसतं, इतकंच.

पुष्कळांची समजूत असते की थंडीत सूर्य उशिरा उगवतो, म्हणून अमेरिकेत हिवाळ्यात घड्याळ बदलतात. खरं ते उलट आहे. हिवाळ्यातली वेळ ही तिथली मूळ वेळ. सरकवलेली असते ती उन्हाळ्यातली. कारण दिवसाच्या लांबीत आहे. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला दिवस यांत फरक वाढत जातो. बुलढाणा साडेवीस अक्षांशावर आहे. आपला जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा आणि डिसेंबरमधला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांच्या आसपास. फरक अडीच तासांच्या आतलाच. न्यू जर्सी चाळीस अक्षांशावर. तिथे जूनचा दिवस पंधरा तासांचा आणि डिसेंबरचा सव्वानऊ तासांचा. घड्याळ पुढे केलं नाही, तर जूनमध्ये तिथे साडेचारच्या आधीच उजाडेल. त्या वेळी सगळं गाव झोपलेलं, म्हणजे तो उजेड वायाच. घड्याळ तासभर पुढे ढकललं की सकाळचा तोच तास संध्याकाळला मिळतो आणि साडेआठपर्यंत उजेड राहतो. मे महिन्यात तुम्ही तिथे पोचाल तेव्हा रात्रीचं जेवण आटोपलं तरी बाहेर ऊन दिसेल, आणि नातवंडं अंगणातून घरात यायला तयार होणार नाहीत.

ही सोय शेतकऱ्यांसाठी केली, असंही सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी तिला विरोधच केला होता, आणि आपल्या शेतकऱ्याला त्याचं कारण चटकन पटेल. गाय घड्याळ बघून दूध देत नाही आणि सकाळचं दव सूर्य वर आल्याशिवाय वाळत नाही. ही कल्पना पहिल्या महायुद्धात रुजली. दिवाबत्तीचं इंधन वाचावं म्हणून जर्मनीनं १९१६ मध्ये घड्याळं सरकवली, अमेरिकेनं १९१८ मध्ये. आजचे मार्च आणि नोव्हेंबरचे रविवार २००७ पासून लागू आहेत. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, घड्याळ तासभर पुढे होतं. युद्ध संपलं आणि आपण ते सोडून दिलं. वर दिलेली आपल्या दिवसाची लांबी पाहिली की आपल्याला त्याची गरज का नाही ते कळतं.

अमेरिकेतही सगळीकडे हा नियम नाही. ॲरिझोना राज्यातल्या बहुतेक भागात घड्याळ वर्षभर हलत नाही. तिथला उन्हाळा आपल्या अकोल्या-खामगावसारखा भाजणारा. संध्याकाळी आणखी तासभर ऊन कोणाला हवं? एखादा भाचा तिकडे असेल तर त्याचा फोन बाराही महिने एकाच वेळेला येईल. अंतर साडेबारा तास, कायमचं.

आता संकष्टी. इथे घड्याळ पुढेमागे करण्याचा काही संबंध नाही. इथे पृथ्वीचा गोलपणा आड येतो. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर. ती सुरू होते तो क्षण साऱ्या जगाला एकच असतो, पण त्या क्षणी प्रत्येक गावचं घड्याळ वेगळं असतं. समजा, उन्हाळ्यात चतुर्थी आपल्याकडे मंगळवारी पहाटे दोनला लागली. सोमवारी रात्री नऊला आपल्याकडे चंद्र उगवला तेव्हा तृतीयाच चालू होती, म्हणून तो धरायचा नाही. संकष्टी मंगळवारची. न्यू जर्सीत चतुर्थी लागली तेव्हा सोमवारचे दुपारचे साडेचार वाजले होते. रात्री तिथे चंद्र उगवला तो चतुर्थीतच, म्हणून लेकीची संकष्टी सोमवारची. दोघींनी चतुर्थीचाच चंद्र पाहून उपास सोडला. एकादशी आणि दिवाळीचंही कधी कधी असंच होतं. म्हणून तिकडच्या मराठी घरांनी आपापल्या शहरासाठी काढलेलं पंचांग पाहावं. इथलं कॅलेंडर डोळे मिटून वापरलं तर उपास भलत्याच तिथीला घडायचा.

पत्रिकेचंही लगेच सांगून टाकतो, कारण नातवाची पत्रिका काढायला बहुधा आजीच सांगते. दवाखान्याच्या दाखल्यावर जुलैमधली जन्मवेळ असेल तर ती तासभर पुढे ढकललेल्या घड्याळातली असते. ज्योतिषांना गाव आणि वेळ सांगताना हेही सांगा. लग्नरास साधारण दोन तासांत बदलते, तेव्हा एका तासाची चूक लहान नव्हे.

या वेळांच्या फरकामुळे परदेशातल्या आपल्या माणसांचा दिवसच निराळा होऊन जातो. आपली रात्री आठची मालिका उन्हाळ्यात तिथे सकाळी साडेदहाला, म्हणजे भर ऑफिसात. म्हणून ती ॲपवर रात्री पाहिली जाते, आणि तुम्ही सकाळच्या फोनवर शेवट सांगून टाकला की लेक चिडते. आयपीएलचा साडेसातचा सामना तिथे सकाळी दहाला असतो. २३ नोव्हेंबर २०२४ ला आपल्याकडे सकाळी आठला विधानसभेची मतमोजणी सुरू झाली, तेव्हा न्यू जर्सीत शुक्रवारचे, २२ तारखेचे, रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तिथल्या मराठी माणसांनी निकालापायी रात्र जागवली, आपण न्याहारी करत ऐकला. मला सगळ्यात गोड वाटतं ते जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचं. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास पीकपाण्याचं भाकीत सांगतात. आपल्याकडे सहा वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठ. जळगाव जामोद तालुक्यातला मुलगा न्यू जर्सीत बसून मोबाइलवर ते भाकीत पाहत असेल, तर त्याच्यासाठी अक्षय्य तृतीया अजून सरलेलीसुद्धा नसते.

आता तुमच्या प्रवासाकडे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. मुंबईहून रात्री दीडला थेट विमान निघालं आणि प्रवासाला सोळा तास लागले, तर तिकिटावर उतरण्याची वेळ त्याच तारखेची सकाळी आठ दिसेल. साडेसहा तासांतच पोचलो, असं वाटतं. परतताना याच्या उलट. तिथून सोमवारी रात्री नऊला निघालात, की चौदा-पंधरा तास उडूनही मुंबईत मंगळवारची रात्र झालेली असते. वाटेत विमान बदलायचं असेल तर बुधवार उजाडतो.

पोचल्यावर पहिले काही दिवस दुपारी तीनलाच डोळे मिटू लागतील आणि रात्री दोनला टक्क जाग येईल. तुमचं शरीर अजून चिखलीच्या वेळेवर चाललेलं असतं, आणि ते दिवसाला साधारण तासभरच सरकतं. म्हणजे आठ-दहा दिवस लागतात. दुपारी लांब झोपू नका, दिवसा बाहेर उजेडात फिरा, लवकर बसतं. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या, आणि विशेषतः इन्सुलिन, घेत असाल तर साडेनऊ तासांचा फरक पडताना कोणता डोस केव्हा घ्यायचा, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ऐन विमानात अंदाज बांधत बसू नका.

तारखेची एक गोष्ट मात्र घट्ट लक्षात ठेवा, कारण तिच्यापायी लोकांची विमानं चुकली आहेत. तिकिटावर '१५ मे, ०१:३०' असं असेल तर ते विमान १४ तारखेच्या रात्री जेवणं झाल्यावरचं आहे. १५ च्या संध्याकाळी विमानतळावर गेलात तर ते केव्हाच निघून गेलेलं असेल. तिथे तीन-चार तास आधी हजर राहायचं असतं, म्हणजे १४ च्या रात्री दहाच्या आत. तेव्हा मलकापूरहून मुंबईची गाडी १३ च्या रात्रीची धरा. १४ चा दिवस मुंबईत हाताशी राहील. परतीच्या रेल्वेचं आरक्षण विमान उतरण्याच्या दुसऱ्या दिवसाचं करा. विमानाला उशीर झाला, बॅगा यायला वेळ लागला, तरी गाडी चुकणार नाही.