१६९ दिसलं की

अगं, मशीन सुरू झालं, नेट नाही आणि मागे पोरं ताटकळतायत, अशा वेळी हात आपसूक फिक्स आयपी टाकायला जातो. तेवढं करू नकोस, माझं ऐक. तू हाताने टाकलेला नंबर, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरच्या नोंदीत नसतो. उद्या तोच त्याने दुसऱ्या मशीनला दिला, की दोघांचंही नेट कधी चालेल, कधी नाही, आणि कारण शोधता शोधता तुझा जीव मेटाकुटीला येईल.

आधी आयपीकॉन्फिग मार. नंबर १६९.२५४ ने सुरू होतोय? तो कुणी दिलेला नाही. सर्व्हरकडून उत्तर आलं नाही म्हणून विंडोजने स्वतःच घेतलाय. म्हणजे कार्ड आणि लिंक आहे, फक्त मशीनच्या हाकेला कुणी ओ दिलेली नाही. ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ दिसलं तर मात्र वायर बघ, पोर्टवरचा दिवा बघ.

मग शेजारचं मशीन. त्यालाही तेच असेल तर बहुतेक सर्व्हर बंद आहे, नाहीतर पत्ते संपलेत. वायफायवरचे मोबाइलही त्याच साठ्यातून घेत असतील तर लीजची, म्हणजे दिलेला पत्ता राखून ठेवण्याची, मुदत तपास. विंडोज सर्व्हरवर ती मुळात ८ दिवसांची असते. येणाऱ्याजाणाऱ्या मोबाइलला काही तास पुरतात.

आणि सकाळी पत्ता नाही, पण मिनिटभराने रिन्यू मारलं की लगेच मिळतो, असं असेल तर मी स्विचकडे बोट दाखवेन. स्पॅनिंग ट्री चालू असलं की नुकतं जागं झालेलं पोर्ट, कुठे लूप तर नाही ना हे बघत १५ आणि १५ असे ३० सेकंद काहीच पुढे सोडत नाही. एसएसडीवालं मशीन तेवढ्यात सुरू होऊन, पत्ता मागून थकलेलं असतं. जुनं रेंगाळत सुरू होतं, म्हणून त्याला मिळतो. मग नवंच मशीन बिघडलंय म्हणून लोक ते फॉरमॅट करतात. मला फार वाईट वाटतं गं! त्या पोर्टवर पोर्टफास्ट लावून घे, म्हणजे ही वाट बघणं टळेल. पण फक्त कॉम्प्युटरच्या पोर्टवर हं, दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टला हात लावायचा नाही.

असाच उबुंटू सर्व्हर सुरू होताना नेटवर्कची वाट बघत अडकला तर पॉवर बटण दाबू नकोस. २ मिनिटांनी तो आपणहून पुढे जातो.

आज जमलं तर स्विचचं मॉडेल लिहून आण. रात्री फोनवर मिळून सेटिंग करू.